'पृथक्करण' म्हणजे वेगळे करणे की ओळखणे?

निफाडच्या एका द्राक्ष बागायतदारांनी विचारले आहे की, निर्यातीपूर्वीच्या रेसिड्यू (फळात उरलेल्या कीटकनाशकांच्या अंशांच्या) तपासणीविषयी लिहिताना 'गॅस क्रोमॅटोग्राफीने कीटकनाशकांचे पृथक्करण केले' असे म्हणावे की 'कीटकनाशके ओळखली' असे, आणि दोन्हींचा अर्थ एकच नाही का?

एकच नाही, पण हा घोटाळा स्वाभाविक आहे, कारण मराठीने 'पृथक्करण' हा शब्द दुहेरी कामाला जुंपला आहे. 'पृथक्' म्हणजे वेगळे, म्हणून घटक सुटे करणे हा त्याचा मूळ अर्थ. परंतु 'रासायनिक पृथक्करण' म्हटले की घटक कोणते आणि किती, हे ठरवणेही त्यात येते. एरवी हे खपून जाते. येथे मात्र ही दोन कामे यंत्राचे दोन निरनिराळे भाग करतात.

द्राक्षांच्या लगद्यातून द्रावकाने काढलेला अर्क, तोही साधारण एक मायक्रोलिटर, गॅस क्रोमॅटोग्राफी यंत्राच्या तापलेल्या मुखात टोचला की त्याची वाफ होते आणि हेलियमसारखा वाहक वायू ती वाफ सुमारे 30 मीटर लांब व आतून जेमतेम 0.25 मिलिमीटर रुंद अशा गुंडाळलेल्या नळीतून पुढे नेतो. नळीच्या आतल्या लेपापाशी जो घटक जास्त रेंगाळतो, तो उशिरा बाहेर पडतो. पृथक्करण ते एवढेच. बाहेर पडणाऱ्या घटकांचे आलेखावर एकेक शिखर उमटते. प्रयोगशाळेत त्याला सर्रास 'पीक' म्हणतात, हे बागायतदारांना गमतीचे वाटेल.

शिखर स्वतःचे नाव मात्र सांगत नाही. बाहेर पडण्याची वेळ माहितीतल्या रसायनाशी जुळली, तरी दुसरेही एखादे रसायन नेमके त्याच वेळी बाहेर पडू शकते. म्हणून पुढे मास स्पेक्ट्रोमीटर जोडलेला असतो, जो रेणूंचे तुकडे करून ते वस्तुमानानुसार मोजतो. क्लोरपायरीफॉस असेल, तर अपेक्षित वेळेला 197 आणि 314 वस्तुमानाचे तुकडे ठरावीक प्रमाणात दिसावे लागतात. तेव्हाच ओळख पटली असे म्हणता येते.

तेव्हा 'गॅस क्रोमॅटोग्राफीने वेगळी केली आणि मास स्पेक्ट्रोमीटरने ओळखली' असे लिहावे आणि सगळ्या तपासणीला मिळून 'विश्लेषण' म्हणावे, असे माझे मत आहे. मात्र 'सर्व कीटकनाशके' असे त्या वाक्यात घालू नये, कारण इमिडाक्लोप्रिडसारखी, उष्णतेने वाफ होण्याआधीच मोडणारी औषधे द्रव क्रोमॅटोग्राफीनेच तपासावी लागतात.