आधी घाट पाठ कर

प्रिय पोरी,

हिल क्लाइंबची, म्हणजे घाट चढायच्या शर्यतीची तयारी म्हणून तू दर रविवारी पहाटे ताम्हिणीत मोटरसायकल पळवतेस, हे वाचून पोटात गोळा आला. ते आजपासून बंद. चालू रस्त्यावर वळणापलीकडून एसटी येतेय की दुधाचा टेम्पो, हे तुला दिसत नाही. सांडलेलं डिझेल तर पुढचं चाक निसटल्यावरच कळतं. शर्यतीत अख्खा घाट बंद ठेवतात, ठिकठिकाणी मार्शल झेंडे घेऊन उभे असतात आणि गाड्या एकेक करून सोडतात. झुंज फक्त घड्याळाशी.

तू पाइक्स पीकबद्दल विचारलंस. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत याच नावाच्या डोंगरावरची ही शर्यत 1916 साली सुरू झाली. जवळपास 20 किलोमीटर, 156 वळणं. स्टार्ट लाइनच 2862 मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या शिखराहून बाराशे मीटर उंच. शेवट 4302 मीटरवर. तिथे हवा इतकी विरळ, की साध्या इंजिनाची निदान तिसऱ्या हिश्श्याची ताकद जाते. चालवणाऱ्याचंही तेच होतं, डोकं उशिरा चालतं.

पण खरी अडचण वेगळी आहे. सराव पहाटे, आणि तोही डोंगराचे तुकडे पाडून. त्यामुळे सगळा घाट पूर्ण वेगात सलग चालवायला मिळतो तो थेट शर्यतीच्या दिवशी, एकदाच. तुकडे जोडायचं काम डोक्यातच करावं लागतं.

ते तुला इथेच शिकता येईल. कमी रहदारीचा दोन किलोमीटरचा तुकडा निवड आणि कडेकडेने चालत जा. डांबर कुठे आतल्या बाजूला झुकलंय, कुठे बाहेर, झऱ्याचं पाणी कुठे आडवं येतं, ठिगळ कुठे आहे, सगळं वहीत उतरव. ‘चौथं डावं वळण’ असं लिहू नकोस, गाडीवरून ते मोजता येत नाही. ‘चुना लावलेला दगड, तिथे ब्रेक’ असं लिही. मग घरी डोळे मिटून, हातात स्टॉपवॉच धरून तो तुकडा मनात चालव. जिथे घड्याळ पळतं आणि तू अडखळतेस, ते वळण तुला येत नाही. पुन्हा जाऊन बघ.

आता एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवणार नाही. 2012 मध्ये मोटरसायकलवर पहिल्यांदा दहा मिनिटांच्या आत वर पोचलेला कार्लिन डन 2019 मध्ये त्याच डोंगरावर, शेवटची रेघ अगदी जवळ आली असताना अपघातात गेला. तो डोंगर त्याच्याइतका कुणाला ठाऊक असणार! वरच्या टप्प्यात थंडीत जमीन गोठते, फुगते, आणि डांबराला उंचवटे येतात. गेल्या वर्षीची वही यंदा नव्याने तपासावीच लागते, आणि तपासूनही धोका पूर्ण जात नाही. पुढे आयोजकांनी तिथे मोटरसायकली कायमच्या बंद केल्या. ते मला पटलं, वाईटही वाटलं.

तेव्हा पाइक्स पीकचं मनातून काढ. फ्रान्समध्ये मोटरसायकलींची डोंगरी अजिंक्यपद मालिका आहे, नजर तिकडे ठेव. त्याआधी फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाचं लायसन्स काढ आणि कोईम्बतूरच्या करी ट्रॅकवर वर्षभर घाम गाळ. लेदर सूट घाईने विकत घेऊ नकोस. आधी मापं पाठव, माझ्या ओळखीत एक जण नीट शिवून देतो. आणि वहीची पहिली पानं फोटो काढून धाड, बारीक अक्षर असलं तरी चालेल.

तुझा,
काका