पहिली कॉफी कशात करावी?

भाऊ, मशीन आत्ताच घेऊ नकोस. ऐन सकाळी लाइट गेली की ते नुसतं शोभेचं. घरी दूध-साखरेचीच कॉफी चालणार असेल, तर सरळ स्टीलचा दाक्षिणात्य फिल्टर घे, एकावर एक बसणारी दोन भांडी, वरच्याच्या तळाला बारीक भोकं. वरच्या भांड्यात तीन चमचे पूड हलकेच दाबायची, उकळून जरा निवलेलं पाणी ओतायचं आणि अर्धा तास तिकडे बघायचंही नाही. उतरलेला अर्क गरम दुधात घाल, पुन्हा उकळू नकोस, कडवट होतो. पुडीत थोडी चिकोरी, म्हणजे एका मुळाची भाजून केलेली पूड, असली की दाटपणा येतो. मला आवडते, नावं ठेवणारे ठेवोत.

काळी प्यायची तर फ्रेंच प्रेस, म्हणजे जाळीचा दट्ट्या असलेलं भांडं: 15 ग्रॅम जाडसर पूड, 225 मिली गरम पाणी, 4 मिनिटं, मग दट्ट्या खाली दाबायचा. बस.

खरी गोम मात्र पाण्यात. आपल्या मराठवाड्यात बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. त्यातले क्षार कॉफीतला आंबटगोडपणा मारतात, चव सपाट लागते. एकाच पुडीचे दोन कप कर, एक बोअरच्या पाण्याचा, एक जारच्या. मग भांड्यावर पैसे घालायचे का ते ठरव. पूड कर्नाटकातल्या चिकमगळूरकडची मिळाली तर उत्तम, पण भाजल्याची तारीख बघून, थोडीच आण.