योहान १:१ मध्ये ग्रीकात ‘देव’ शब्दाआधी उपपद नाही, यावरून ख्रिस्त अनादि नव्हता असं सिद्ध होतं का?

तुम्ही लिहिलंय की दोन जण घरी आले होते, बोलायला अगदी सभ्य. त्यांनी योहानाच्या शुभवर्तमानातली पहिली ओळ ग्रीकमध्ये दाखवली आणि म्हणाले की इथे ‘देव’ शब्दाआधी उपपद (इंग्रजीतल्या ‘द’सारखा शब्द) नाही, म्हणजे शब्द, अर्थात ख्रिस्त, हा ‘एक देव’ होता, निर्माण केलेला, पित्यासारखा अनादि नव्हे. तुम्हाला उत्तर सुचलं नाही, आणि आता विचारताय की व्याकरणाने हा प्रश्न खरंच निकालात निघतो का.

नाही निघत. त्या एका उपपदावरून त्यांचं म्हणणं सिद्ध होत नाही. पण आपल्या मंडळ्यांमध्ये उलट बाजूने जे व्याकरणाचे नियम सांगितले जातात, त्यांतूनही ख्रिस्ताचं अनादित्व सिद्ध होत नाही. ख्रिस्त अनादि आहे असं मी पूर्ण मनाने मानतो, उपासनेत तसं म्हणतो. म्हणूनच त्या विश्वासाला कच्चा टेकू दिलेला मला चालत नाही.

मी नाशिकचा. शरणपूर रोडला आमचा शास्त्राभ्यासाचा छोटा गट बसतो, त्यात सेमिनरीत शिकलेलं ग्रीक मी तरुण मुलांना थोडं थोडं शिकवतो. हा प्रश्न तिथे हमखास निघतो, कारण नाशकातही दारोदार ही चर्चा होते.

आधी ओळ समोर ठेवू. ‘एन आर्खे एन हो लोगोस, काइ हो लोगोस एन प्रोस तोन थेऑन, काइ थेऑस एन हो लोगोस.’ आपल्या पवित्र शास्त्रात: ‘प्रारंभी शब्द होता, आणि शब्द देवासह होता, आणि शब्द देव होता.’ यातले ‘हो’ आणि ‘तोन’ म्हणजे निश्चित उपपद. दुसऱ्या तुकड्यात ‘तोन थेऑन’ आहे, तिसऱ्यात नुसतं ‘थेऑस’. पाहुण्यांनी दाखवलं ते इथपर्यंत बरोबर आहे. पण इंग्रजीतल्या ‘अ’सारखं अनिश्चित उपपद ग्रीकात मुळात नाहीच. ‘एक देव’ मधला ‘एक’ हा भाषांतर करणाऱ्याचा निर्णय असतो. यहोवाचे साक्षीदार या पंथाच्या ‘नवे जग’ नावाच्या बायबल भाषांतरात १९५० साली तो घेतला गेला. त्यांच्याआधीही काहींनी घेतला होता.

मराठी वाचकाला ही भानगड दिसतच नाही, कारण आपल्याकडे उपपदं नाहीत आणि देवनागरीत मोठं-छोटं अक्षरही नाही. जुन्या ग्रीक हस्तलिखितांतही सगळी अक्षरं एकाच घाटाची, शब्द एकमेकांना चिकटलेले, विरामचिन्हं जवळजवळ नाहीत. इंग्रजी छापील पानावर मोठ्या अक्षराचा देव आणि छोट्या अक्षराचा देव असे जे दोन दिसतात, ते योहानाने लिहिलेल्या अक्षरांत नव्हते.

आता नियम. १९३३ मध्ये नव्या कराराचे अभ्यासक ई. सी. कोलवेल यांनी दाखवलं की निश्चित अर्थाचं विधेय-नाम (‘शब्द देव होता’ मधल्या ‘देव’सारखं) क्रियापदाच्या आधी आलं तर बहुधा त्याचं उपपद गळतं. ‘थेऑस एन’ मध्ये नेमकी तीच रचना आहे. मग अनेक उपदेशकांनी हा नियम उलटा लावला: उपपद नाही, क्रियापदाच्या आधी आहे, म्हणून निश्चितच. कोलवेल तसं म्हणत नाहीत. निश्चित असेल तर उपपद गळतं, एवढंच त्यातून निघतं. गळलेलं दिसलं म्हणजे निश्चित, असं निघत नाही. १९७३ मध्ये फिलिप हार्नर यांनी याच रचनेवर लिहिलं आणि अशा जागी बहुतेक वेळा गुणधर्मावर, स्वरूपावर भर असतो असं मांडलं. म्हणजे ‘शब्द स्वरूपाने देवच होता’. मला हे सगळ्यांत पटतं. आणि ‘देव होता’ हे साधं मराठी वाक्य तो अर्थ नीट पेलतं.

गटातल्या एका मुलीने एकदा वहीत पहिला अध्याय उतरवून उपपद नसलेल्या प्रत्येक ‘देव’ शब्दाखाली रेघ मारली. ६, १२, १३ आणि १८ ही वचनं निघाली. ‘देवाने पाठवलेला’ योहान, ‘देवाची मुले’, ‘देवापासून’ जन्मलेले, ‘देवाला कोणीही पाहिले नाही’. तिथे कोणी ‘एका देवाने पाठवलेला’ असं भाषांतर करत नाही. पण पुराव्याची ही जागाही जपून वापरायची, कारण शब्दयोगी शब्दानंतर किंवा षष्ठीत उपपद गळणं ग्रीकात नेहमीचंच आहे. त्यामुळे खरा उपयोगी दाखला राहतो तो १८ व्या वचनाचा. समोरच्यांच्या बाजूनेही एक वजनदार गोष्ट आहे: इजिप्तमधल्या जुन्या साहिदिक कॉप्टिक भाषांतरात या जागी अनिश्चित उपपद आहे. मात्र कॉप्टिकमध्ये ते उपपद गुण सांगायलाही लागतं, तेव्हा फिरून आपण त्याच जागी येतो.

योहानाने तिथे उपपद घातलं असतं तर काय झालं असतं, हेही बघा. ‘शब्द’ आणि दुसऱ्या तुकड्यातला ‘देव’, म्हणजे पिता, एकच व्यक्ती ठरली असती. तिसऱ्या शतकात सबेलियसच्या नावाने ओळखली गेलेली शिकवण तीच होती: पिता आणि पुत्र ही एकाचीच दोन रूपं. ‘देवासह होता’ या शब्दांना मग अर्थच उरत नाही.

याच शतकातला ख्रिस्ती विद्वान ऑरिजेन मला या वादात फार महत्त्वाचा वाटतो. ग्रीक ही त्याची रोजची भाषा. योहानावरच्या टीकेत त्यानेच उपपदाकडे बोट दाखवलं: पित्याला ‘हो थेऑस’, शब्दाला नुसतं ‘थेऑस’. पिता स्वयंभू देव, पुत्राचं देवपण पित्याकडून. तुमच्या पाहुण्यांना हे ऐकून बरं वाटेल. पण पुत्र पित्यापासून नित्य जन्मतो, तो नव्हता अशी वेळच नव्हती, ही शिकवणही त्याच ऑरिजेनची. उपपदातला फरक पूर्ण मान्य करूनही तो पुत्राला अनादि म्हणू शकला.

आता ‘होता’ कडे. ग्रीकात इथे ‘एन’ आहे (सुरुवातीच्या ‘एन आर्खे’तला नव्हे, त्यानंतरचा), असण्याचं क्रियापद. आणि त्याच अध्यायात जे जे निर्माण झालं त्याला ‘एगेनेतो’, होण्याचं क्रियापद: सर्व काही त्याच्या द्वारे ‘झाले’, बाप्तिस्मा करणारा योहान प्रकट ‘झाला’, शब्द देही ‘झाला’. मराठीत ‘होता’ आणि ‘झाला’ हे अंतर आपल्याला शिकवावं लागत नाही. आठव्या अध्यायात येशूच्या तोंडी पुन्हा तेच, ‘अब्राहाम झाला त्यापूर्वी मी आहे’. कित्येक जण इथे थांबून म्हणतात, बघा, सिद्ध झालं. माझ्या मते अजून नाही. प्रारंभ झाला तेव्हा शब्द आधीच होता, एवढं क्रियापदाच्या या काळातून कळतं. किती आधीपासून, ते कळत नाही.

आणि ‘सर्व युगांच्या आधी’ म्हणायला खुद्द एरियसचीही हरकत नव्हती! अलेक्झांड्रियाच्या चर्चमधला हा वडील, म्हणजे पाळक, ज्याच्यामुळे चौथ्या शतकात चर्च दुभंगलं. निकोमेडियाचा बिशप युसेबियस याला लिहिलेल्या पत्रात तो पुत्राला काळाच्या आणि युगांच्या आधीचा म्हणतो, पूर्ण देवही म्हणतो. तरी जन्मण्यापूर्वी तो नव्हता, हे मात्र सोडत नाही. तेव्हा ‘ख्रिस्ताला देव म्हटलंय की नाही’ एवढ्यावर भांडून हा वाद मिटणार नाही.

ग्रँव्हिल शार्पच्या नियमाचंही तेच. दोन एकवचनी सामान्यनामं ‘आणि’ने जोडलेली, पहिल्याला उपपद, दुसऱ्याला नाही, आणि दोन्ही व्यक्तीबद्दल असतील तर ती एकाच व्यक्तीबद्दल असतात, असं त्याने १७९८ च्या पुस्तकात दाखवलं. त्यामुळे तीत २:१३ मध्ये ‘महान देव व तारणारा’ हे दोन्ही येशू ख्रिस्तालाच लागतं. नियम मजबूत आहे. पण तो ख्रिस्ताला देव म्हटलंय हे सांगतो, अनादि असल्याचं सांगत नाही. (शार्पबद्दल आम्हा शरणपूरवाल्यांना वेगळी आपुलकी आहे. इंग्लंडात गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या पहिल्या फळीतला तो माणूस. एकोणिसाव्या शतकात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं मिशनने आमच्या शरणपुरात आणून शिकवली. लिव्हिंग्स्टनचं शव आफ्रिकेच्या आतल्या भागातून किनाऱ्यावर आणणाऱ्यांतला जेकब वेनराइट इथेच शिकलेला.)

आता वर आलेल्या ‘मी आहे’ या वचनाबद्दल, योहान ८:५८ बद्दल, थोडक्यात. ‘एगो एइमी’ म्हणजे ‘मी आहे’. हे दोन शब्द आपोआप देवाचं नाव होत नाहीत; पुढच्याच अध्यायात दृष्टी आलेला आंधळा शेजाऱ्यांना ‘तो मीच’ म्हणतो, तेव्हा तेच शब्द आहेत. ‘अब्राहामाच्या आधीपासून मी आहे’ असं वाचणंही व्याकरणात बसतं. लोकांनी दगड उचलले, यशयाच्या ४३ व्या अध्यायात देव असंच बोलतो, हे ध्यानात घेऊन मी ते देवपणाचं बोलणं मानतो. पण हा संदर्भावरून काढलेला अर्थ आहे.

मग निर्णय झाला कशावर? ३२५ साली निकिया, म्हणजे आजचं तुर्कस्तानातलं इझनिक, इथे बिशप जमले. दोन्ही बाजू ग्रीक बोलणाऱ्या, दोघांच्या हातात तेच शुभवर्तमान. एरियसचा पुढे मोठा विरोधक ठरलेला अथनेशियस तिथे डीकन, म्हणजे बिशपच्या हाताखालचा सेवक, म्हणून हजर होता. त्याने नंतर लिहून ठेवलेला एक प्रसंग मी गटात नेहमी सांगतो. बिशपांना आधी शास्त्रातलेच शब्द वापरायचे होते. पुत्र ‘देवापासून’ आहे असं लिहू म्हटलं, तर एरियसच्या बाजूचे लगेच तयार: सगळंच देवापासून आहे, पौलच म्हणतो. ‘देवाचं प्रतिरूप’ म्हटलं, तर ते आपसांत कुजबुजू लागले, डोळ्यांनी खुणा करू लागले: माणसालाही प्रतिरूप म्हटलंय. ‘सर्वदा’ म्हटलं, तरी चालेल: आपल्याबद्दलही ‘सर्वदा’ लिहिलेलं आहे. शास्त्रातला प्रत्येक शब्द ते आपल्या अर्थाने घेऊ शकत होते. शेवटी परिषदेला शास्त्रात नसलेला ‘होमोऊसियोस’, पित्याशी एकतत्त्व, हा शब्द घ्यावा लागला. शास्त्राबाहेरचा म्हणून तो अनेकांना खुपला, आणि भांडण आणखी अर्धं शतक, ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेपर्यंत चाललं. अथनेशियसला पाच वेळा हद्दपार व्हावं लागलं.

जन्मापासून ग्रीक बोलणाऱ्यांना जे व्याकरणातून सुटलं नाही, ते आपण मोबाइलवर शब्दाखाली शब्द दाखवणारं अ‍ॅप उघडून सोडवू म्हटलं तर कसं होणार? अथनेशियसचा जोर दुसरीकडे होता. पिता कधीतरी ‘पिता झाला’ म्हटलं, तर देवात बदल झाला. पुत्राशिवाय पिता नाही, म्हणून पिता नित्य असेल तर पुत्रही नित्य. आणि मंडळी पहिल्यापासून ख्रिस्ताची उपासना करत आली. तो निर्मिलेला असेल तर ती निर्मितीची उपासना ठरते. हे तर्क पूर्ण शास्त्र एकत्र धरून केलेले आहेत.

मला स्वतःला जे वचन धरून ठेवतं ते मात्र त्याच अध्यायातलं तिसरं. ‘सर्व काही त्याच्या द्वारे झाले आणि जे काही झाले ते त्याच्यावाचून झाले नाही.’ ग्रीकात ‘ऊदे हेन’ आहे: एकसुद्धा नाही. जे जे ‘झालं’ ते सगळं त्याच्या द्वारे झालं असेल, तर तो स्वतः त्या ‘झालेल्यां’त बसत नाही, बसला तर तो स्वतःच्याच द्वारे झाला म्हणावं लागेल. आणि जो झालाच नाही पण आहे, त्याला आपण अनादि म्हणतो. एरियसवाले म्हणत, ‘सर्व’ म्हणजे त्याला सोडून बाकी सर्व. पण ‘सर्व’ म्हणून झाल्यावर योहान पुन्हा उलट बाजूने ‘एकसुद्धा नाही’ म्हणतो, ती पळवाट बुजवायलाच, असं मला वाटतं. इथे उपपद लागत नाही, कोलवेल लागत नाही. मराठी पवित्र शास्त्र पुरेसं आहे.

ते दोघे पुन्हा आले तर त्यांना चहा द्या आणि हे वचन त्यांच्यासोबत सावकाश वाचा. ते बहुधा कलस्सै १:१५ काढतील, ‘सर्व उत्पत्तीत ज्येष्ठ’. तेव्हा आधी स्तोत्र ८९:२७ उघडा. तिथे देव दाविदाला ज्येष्ठ करीन म्हणतो, आणि दावीद तर इशायाचा सगळ्यांत धाकटा मुलगा. म्हणजे ज्येष्ठपण मानाचंही असतं. मग कलस्सैतलं पुढचं, १६ वं वचन बघा. इंग्रजी नवे जग भाषांतरात तिथे ‘इतर सर्व गोष्टी’ असं आहे. ग्रीकात फक्त ‘ता पान्ता’, सर्व गोष्टी. ‘इतर’ कुठून आला, हे त्यांना शांतपणे विचारा, आणि ते काय म्हणाले ते इथे खाली लिहा.