नवे ऑर्ग, जुने मॅक्रो

प्रश्न : मी इमॅक्स 28 हा मजकूर-संपादक वापरतो आणि सगळी टिपणे ऑर्ग या त्याच्या टिपणांसाठीच्या पॅकेजात ठेवतो. पॅकेजांच्या यादीतून ऑर्गची नवी आवृत्ती घेतल्यापासून कोणतेही टिपण उघडले की ‘इनव्हॅलिड फंक्शन : ऑर्ग-असर्ट-व्हर्जन’ असा संदेश येतो. पॅकेज दोनदा काढून पुन्हा टाकले, तरी फरक पडला नाही. इमॅक्सच काढून टाकावे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : इमॅक्स काढण्याची गरज नाही आणि टिपणांची काळजीही नको, कारण ती साध्या मजकुराच्या फाइलींत आहेत. बिघाड पॅकेज कम्पाइल होताना, म्हणजे त्याच्या कोडचे यंत्राला सोयीच्या रूपात रूपांतर होताना, झाला आहे.

ऑर्ग इमॅक्सबरोबरच येते. इमॅक्स 28 मध्ये त्याची 9.5 ही आवृत्ती आहे. आपण एखादे टिपण उघडे ठेवून नवे पॅकेज घेतले असेल, तर त्या वेळी जुने ऑर्ग स्मृतीत भरलेले होते. नव्या फाइली कम्पाइल होताना त्यांनी ऑर्गच्या मॅक्रोंची (कम्पाइल होतानाच उलगडून दुसऱ्या कोडात बदलणाऱ्या तुकड्यांची) फाइल मागितली, पण ती आधीच भरलेली असल्याचे पाहून इमॅक्सने नवी फाइल उघडलीच नाही. संदेशातला मॅक्रो 9.6 पासूनचा असल्यामुळे जुन्या फाइलीत तो नव्हता. कम्पायलरने त्याला साधे फंक्शन समजून तशीच नोंद केली आणि पुढच्या वेळी नवी मॅक्रो-फाइल भरल्यावर ते फंक्शन नसून मॅक्रो आहे, हे उघड झाले. गंमत अशी, की आवृत्त्यांची सरमिसळ ओळखण्यासाठीच हा मॅक्रो आणला गेला आणि पहिला फटका त्यालाच बसला. दोनदा टाकूनही उपयोग झाला नाही, कारण दोन्ही वेळा जुने ऑर्ग जागेच असणार.

इमॅक्स पूर्ण बंद करावे. पार्श्वभूमीवर सर्व्हर चालू असेल, तर तोही थांबवावा. मग ‘.इमॅक्स.डी’ या फोल्डरातील ‘एल्पा’मध्ये जाऊन ‘ऑर्ग-’ने सुरू होणारे, पुढे आवृत्तीचा आकडा असलेले फोल्डर काढून टाकावे. ‘ऑर्ग-रोम’सारख्या वेगळ्या पॅकेजांना मात्र हात लावू नये. आता टर्मिनलमधून ‘इमॅक्स -क्यू’ (क्यू कॅपिटल हवा) असे सुरू करावे, म्हणजे आपली सेटिंगची फाइल वाचली जाणार नाही. एकही टिपण न उघडता ‘लिस्ट-पॅकेजेस’ ही आज्ञा द्यावी, ऑर्गच्या नव्या आवृत्तीच्या ओळीवर आय आणि मग एक्स दाबावा, आणि कम्पाइल संपल्यावर इमॅक्स बंद करून नेहमीप्रमाणे सुरू करावे.

खात्रीसाठी ‘ऑर्ग-व्हर्जन’ ही आज्ञा द्यावी. आकड्यासोबत ‘एल्पा’तला एकच मार्ग दिसला, तर काम झाले, ‘मिक्स्ड इन्स्टॉलेशन’ हे शब्द आणि दोन मार्ग दिसले, तर सेटिंगची फाइल तपासावी. सेटिंगच ऑर्ग फाइलीत लिहून ती बेबलमार्फत (ऑर्ग फाइलीतला कोड चालवणाऱ्या भागामार्फत) भरण्याची अनेकांना हौस असते, आणि पॅकेजे सक्रिय होण्याआधी ती भरणारी ओळ आली, की आतले जुने ऑर्ग पुन्हा जागे होते.