उठलं की अंधारी, दोन घासांत पोट गच्च

प्रश्न : मी इंदूरला रामबागेत राहते, वय 52. नऊ वर्षांपासून संधिवात आहे, आर.ए. (रूमेटॉइड आर्थ्रायटिस) वाला, त्यावर मेथोट्रेक्सेटची गोळी चालू आहे. सांधे आता बऱ्यापैकी कंट्रोलमधे आहेत पण सकाळी पलंगावरून उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते, छातीत धडधडतं, आणि अर्धी प्लेट पोहे खाल्ले की पोट गच्च. घरचे म्हणतात गॅस आहे, टेन्शन घेऊ नकोस. हे संधिवातामुळे असू शकतं का?

उत्तर : ताई, असू शकतं. आणि मनाचे खेळ म्हणून हे सोडून देऊ नका. आर.ए. फक्त बोटं-गुडघ्यांचा आजार नाही, हृदयाचे ठोके, बीपी, आतड्यांची हालचाल आपल्याला न विचारता सांभाळणाऱ्या ज्या नसा असतात त्यांचंही काम काही पेशंट्समधे मंदावतं. आपण उभं राहिलो की अर्धा लिटरच्या वर रक्त खाली पाय-पोटाकडे उतरतं, या नसांनी लगेच रक्तवाहिन्या आवळायच्या असतात, त्यांना उशीर झाला की अंधारी.

पोटाचंही तसंच. मेंदूपासून पोटापर्यंत जाणारी व्हेगस नावाची नस जठराला हलवत ठेवते, आणि जठरातून निघणारं घ्रेलिन हे भुकेचं हार्मोन (1999 मधे जपानी शास्त्रज्ञांनी शोधलं) या नसेशी बोलतं, जठर लवकर रिकामं करायला मदत करतं. आर.ए. च्या काही पेशंट्समधे ते कमी मिळालंय. पण त्यावरून उपचार ठरत नाहीत, म्हणून हार्मोनच्या महागड्या टेस्ट करत बसू नका. हीच व्हेगस सूजही आवरते, 2016 च्या एका छोट्या अभ्यासात 17 पेशंट्सना यंत्राने तिला उत्तेजन दिलं तेव्हा सूज वाढवणारं टीएनएफ नावाचं प्रथिन कमी झालं होतं.

आता करायचं काय, तर पाच मिनिटं आडवं पडून बीपी मोजा, मग उभं राहून एक आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने उतरला तर कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा. हिमोग्लोबिन, शुगर, थायरॉइड पण बघायला सांगा, कारण चक्कर त्यानेही येते. पेनकिलर घेत असाल आणि शी काळी डांबरासारखी होत असेल तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. पोट गच्च होणं मेथोट्रेक्सेटच्या दुसऱ्या दिवशीच वाढतं का तेही लिहा, पण गोळी मनाने बंद करू नका, आणि ती आठवड्यातून एकदाच, हे पुन्हा सांगते.

तोवर एकदम उठू नका, आधी पलंगाच्या कडेला बसून पोटऱ्या हलवा. पोहे अर्धे आत्ता, अर्धे दोन तासांनी. आणि बीपी मोजायला घरच्यांनाच बसवा, उभं राहिल्यावरचा आकडा त्यांनाही दिसू दे.