उचल फिटेपर्यंत मुकादम गावी सोडत नाही. याला वेठबिगारी म्हणता येईल का, आणि सरकारी मदत मिळते का?

तुम्ही लिहिलंय की आत्येभाऊ, वहिनी आणि दोन मुलं बीडहून कर्नाटकात ऊसतोडीला गेली आहेत. एक लाखाची उचल आहे, म्हणजे मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम. वहिनी आजारी पडल्या, तरी मुकादम सोडत नाही. तहसील कचेरीत सांगितलं, "उचल स्वखुशीने घेतली, हा देवाणघेवाणीचा व्यवहार आहे, वेठबिगारी नाही." आणि तुम्हाला विचारायचंय की सरकारची एक लाखाची मदत मिळेल का.

पैशांचं पुढे सांगतो. आधी त्या 'स्वखुशीने'चा निकाल लावू, कारण या एका शब्दावर कितीतरी अर्ज टेबलावरच मरतात आणि तो शब्द वापरणाऱ्या माणसानं वेठबिगारी कायद्याचं कलम २ वाचलेलं नसतं.

१९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्यात व्याख्या कलम २ मध्ये आहे. आगाऊ रकमेच्या बदल्यात माणूस चारपैकी एका गोष्टीला मुकला की पुरे: मजुरी नाही किंवा नाममात्र मजुरी, दुसरीकडे काम करायची मोकळीक नाही, हवं तिथे जाता येत नाही, आपला माल बाजारभावानं विकता येत नाही. चारांच्या मध्ये 'किंवा' आहे, 'आणि' नाही. साखळदंड, कोंडून ठेवणं, मारहाण यांतलं काहीही सिद्ध करावं लागत नाही. 'नाममात्र मजुरी' म्हणजे किमान वेतनापेक्षा कमी, हेही त्याच कलमात लिहिलंय. उचल राजीखुशीनं घेतली की रडत घेतली, हे कायदा विचारतच नाही. उचल घेतल्यावर माणसाला उठून जाता येतं का, एवढंच तो विचारतो. १९८२ च्या एशियाड मजुरांच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की किमान वेतनाहून कमी पैशात पोटाच्या गरजेपोटी राबणं हीसुद्धा संविधानाच्या अनुच्छेद २३ खालची सक्तीच. १९८४ च्या बंधुआ मुक्ती मोर्चा या संघटनेच्या खटल्यातल्या निकालात तर म्हटलंय की सक्तीची मजुरी दिसली की ती उचलीपोटीच आहे असं गृहीत धरायचं. तसं नसेल तर मालकानं दाखवावं. कलम १५ ही तेच म्हणतं. पुराव्याचं ओझं मुकादमावर आहे, तुमच्या भावावर नाही.

आता मुकादमाच्या हिशेबाच्या वहीचं पान बघा. टनाला ३६६ रुपये धरा. तुमच्या टोळीला वेगळा दर ठरला असेल तर तो घाला. एक कोयता, म्हणजे नवरा-बायको मिळून, दिवसाला दोन टन तोडतो. पहाटे चारला उसाच्या फडात आणि रात्री गाडी भरेपर्यंत. झाले ७३२ रुपये. आठवड्याची खर्ची, म्हणजे घरखर्चाला हातात मिळणारे पैसे, १,५०० धरली तर दिवसाचे २१४ किराण्यात गेले, उचलीत जमा झाले ५१८. एक लाख फिटायला १९३ दिवस लागतात. कारखाना तेवढे दिवस चालतच नाही. आता वहिनी आठ दिवस पडून राहिल्या. जोडी मोडली म्हणून दिवसाला हजार रुपये खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, लावला, तर आठ हजार म्हणजे अकरा दिवसांची तोड त्या आठ दिवसांनीच खाल्ली. पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, तेव्हा वहीत 'बाकी' निघते, आणि पुढच्या दसऱ्याला त्याच मुकादमाच्या ट्रॅक्टरवर बसावं लागतं. हे पान पाहूनही कुणी याला साधा व्यवहार म्हणत असेल, तर त्याला गणित येत नाही किंवा त्याला ते करायचं नाही.

आता अर्ज. गावाकडच्या तहसीलदाराकडे तुम्ही गेलात तिथेच गाडी चुकली. माणूस जिथे अडकलाय तिथल्या प्रशासनाचा अधिकार चालतो. कर्नाटकात जिल्हाधिकाऱ्याला डेप्युटी कमिशनर म्हणतात आणि प्रांताला, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याला, असिस्टंट कमिशनर. अर्ज या दोघांच्या नावे ई-मेलनं पाठवा. प्रत तिथल्या पोलीस अधीक्षकांना, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला, राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला आणि आपल्या बीडच्या जिल्हाधिकाऱ्यांना. विधी सेवेचा फोन १५१००. बिगारीचा किंवा मानवी तस्करीचा बळी असलेल्या माणसाला फुकट वकील देणं कायद्यानं बंधनकारक आहे, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला मागता येत नाही. जीवावर बेतलं असेल तर आधी ११२ लावा, मुलांसाठी १०९८.

अर्जात पहिलं वाक्य कोणतं, यावर सगळं ठरतं. लोक लिहितात, "मुकादमानं मजुरी थकवली आहे." झालं, अर्ज कामगार खात्यात जातो, तिथे वेतनाचा वाद म्हणून तारीख पडते आणि माणूस फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीतच, राहतो. दुसरे लिहितात, "माझ्या भावाचं अपहरण झालंय." पोलीस फोन लावतात, भाऊ मुकादमासमोर उभा राहून "मी मर्जीनं आलोय" म्हणतो, फाईल बंद. तुम्ही लिहायचं असं: एवढी उचल, अमुक तारखेला, रोख की फोन-पे, उचल फिटेपर्यंत गावी जाऊ देत नाहीत, दुसऱ्या टोळीत जाऊ देत नाहीत, अमुक तारखेला जायला मागितलं तेव्हा अमुक बोलले, आधार कार्ड, मोबाईल किंवा मोटारसायकल ठेवून घेतली, आजपर्यंत हातात अमुक रुपये आले. त्याखाली कारखाना, फड कोणत्या शिवारात, कोप्या कुठे, मुकादमाचं नाव आणि नंबर. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेलं लोकेशन जरूर जोडा. टोळी आठवड्या-पंधरा दिवसांनी फड बदलते, आणि जुन्या पत्त्यावर सुटकेचं सरकारी पथक गेलं की रिकाम्या कोप्यांचा पंचनामा करून परत येतं.

पथक पोचल्यावरचे दोन तास सगळ्यांत नाजूक. जबाब प्रत्येकाचा वेगळा, मुकादम आणि चिटबॉय (कारखान्याचा तोडीची नोंद ठेवणारा माणूस) समोर नसताना घ्यायचा असतो. तिथे जबाब कन्नडमध्ये लिहिला जातो आणि आपली माणसं न वाचताच अंगठा उठवतात. मराठी वाचणारा दुभाषी मागा. नाही मिळाला तर मराठीत वाचून दाखवल्याशिवाय सही करायची नाही, हे भावाला आत्ताच सांगून ठेवा. पोलीस ठाण्यात "मिटवून टाका, निम्मे द्या आणि जा" असा तोडगा हमखास निघतो. तो घ्यायचा नाही. कलम ६ प्रमाणे असलं कर्ज कायद्यानं संपलेलं आहे, आणि कलम ९ प्रमाणे संपलेल्या कर्जापोटी पैसे घेणं हाच तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. मुद्रांकावर सही करून शेळ्या विकून बाकी भरणारी कुटुंबं स्वतःच्या हातानं स्वतःची केस मोडतात.

आणि वहिनी. उचलीच्या वहीत नाव फक्त नवऱ्याचं असतं, बायको 'अर्धा कोयता' म्हणून धरलेली. पथकही तीच वही पुढे ठेवून दाखले लिहितं. एका कोपीतून चार माणसं सुटतात आणि दाखला एकाच्या नावाचा निघतो. हा माझा सगळ्यांत मोठा राग आहे. मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत टाकणारी बाई कागदावर मजूरच नाही, वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, गोळा करणारं दहा वर्षांचं पोरही नाही. केंद्राच्या पुनर्वसन योजनेत प्रौढ पुरुषाला १ लाख, स्त्रीला आणि मुलांना २ लाख, आणि तस्करी, लैंगिक शोषण, अपंगत्व किंवा तृतीयपंथी अशा टोकाच्या प्रकरणांत ३ लाख आहेत. म्हणजे वहिनींचं नाव गळलं की घराची मोठी रक्कम गळली. राबणाऱ्या प्रत्येकाचं नाव, वय आणि काम अर्जातच लिहा, पथक येईपर्यंत थांबू नका.

मुक्तता दाखला, ज्याला कचेरीत रिलीज सर्टिफिकेट म्हणतात, तो हातात आल्याशिवाय जिल्हा सोडू नका. "गाडीत बसवून देतो, दाखला टपालानं येईल" हे ऐकू नका. ट्रॅक्टरमधून उतरवून रेल्वेत बसवणं ही सुटका नाही. दाखल्यावाचून तुमचा भाऊ सरकारी कागदावर फक्त कर्ज बुडवून पळालेला मजूर असतो, आणि मुकादम गावात येऊन फसवणुकीची फिर्याद देतो. दाखल्यावर जिल्हाधिकारी किंवा प्रांताची सही-शिक्का, सुटकेची तारीख आणि कर्ज संपुष्टात आल्याचा उल्लेख हवा.

आता तुमचा मूळ प्रश्न. हो, मदत मिळते, पण एक लाख लगेच नाही. योजना २०१६ ची, २०२२ पासून सुधारलेली. सुटकेनंतर तात्काळ ३०,००० रुपयांपर्यंत मिळतात, आणि त्याला खटल्याच्या निकालाची अट नाही. यासाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान १० लाखांचा निधी कायम ठेवायचा आहे. "केंद्राकडून पैसे आले नाहीत" असं उत्तर मिळालं तर त्या जिल्हा निधीबद्दल लेखी विचारा. उरलेली रक्कम खटल्याच्या निकालाशी जोडली आहे. जिल्हाधिकाऱ्यांचा प्रथमदर्शनी निष्कर्ष असेल तर शिक्षेचा तपशील नाही म्हणून प्रस्ताव अडवता येत नाही. पण पैसे प्रत्यक्ष हातात येतात ते वेठबिगारी सिद्ध झाल्यावर.

ही अट मला मुळातच चुकीची वाटते. पीडिताचं पोट आरोपीच्या शिक्षेला बांधायचं, आणि खटला चालवायची जबाबदारी ज्या यंत्रणेची, तिच्या दिरंगाईची किंमत मजुराकडून वसूल करायची, हे पुनर्वसन नव्हे. २०१६ मध्ये सरकारनंच २०३० पर्यंत १ कोटी ८४ लाख वेठबिगार सोडवायचं उद्दिष्ट सांगितलं. कायदा आल्यापासून इतक्या वर्षांत सुटल्याची नोंद झालेले आहेत तीन लाखांच्या थोडे वर. कारण दाखला दिला की "आमच्या जिल्ह्यात वेठबिगारी आहे" हे कबूल करावं लागतं. वेठबिगारीवर लक्ष ठेवायला दक्षता समित्या जिल्हा आणि उपविभाग दोन्ही पातळ्यांवर नेमायच्या आहेत. तुमच्या उपविभागाच्या समितीची शेवटची बैठक कधी झाली, हे माहिती अधिकारात विचारून बघा. मानवी तस्करी म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर फक्त कुंटणखाना येतो. २०२२ मध्ये इगतपुरीकडची कातकरी पोरं थोड्या पैशांवर मेंढ्या राखायला दिल्याचं एका मुलीच्या मृत्यूनंतर उघडकीला आलं. मेंढ्यांमागे किंवा उसाच्या फडात नेलेलं पोरही तस्करीचंच असतं, हे पोलीस ठाण्यात अजून समजावून सांगावं लागतं.

म्हणून गुन्हा दाखल होताना कलमं बघून घ्या. नुसती शिवीगाळ आणि मारहाण लावली तर पुढे निकालात वेठबिगारीचा शब्दच येणार नाही आणि उरलेली मदत अडकेल. १९७६ च्या कायद्याची कलमं १६, १७, १८ हवीत. त्यांतली शिक्षा तीन वर्षांपर्यंत आणि दंड दोन हजारांपर्यंत, तीही जामीनपात्र, म्हणून भारतीय न्याय संहितेची १४३ आणि १४६ सोबत मागा. १४३ मध्ये पीडिताची संमती गैरलागू असं स्पष्ट लिहिलंय; 'स्वखुशीने'ला यापेक्षा सरळ उत्तर नाही. कुटुंब अनुसूचित जाती-जमातीतलं असेल तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं ३(१)(h) लागतं. वंजारी किंवा बंजारा कुटुंबाला महाराष्ट्रात ते लागत नाही.

हेही सांगायला हवं की प्रत्येक उचल म्हणजे वेठबिगारी नव्हे. दोन मुकादमांकडून उचल घेऊन कुठेच न गेलेल्या माणसाला हा दाखला मिळणार नाही आणि मिळूही नये. मुकादमानंही वाहतूक ठेकेदाराकडून पैसे उचललेले असतात, तोही कधी कधी बुडतो. तुमच्या भावाला खरंच जायला मनाई केली का, की हिशेब होईपर्यंत थांब म्हटलं, हे आधी त्याच्याकडून नीट ऐकून घ्या. आणि वहिनींचा ताप वाढत असेल तर कागद बाजूला ठेवून आधी सरकारी दवाखाना. तिथला केसपेपर पुढे पुरावा म्हणूनही चालतो.

आज रात्री भावाचा फोन लागला तर तीन गोष्टी मागा: लोकेशन, चिटबॉयनं दिलेल्या वजनाच्या स्लिपांचे फोटो, आणि चौघांच्या आधारचे फोटो. आधार मुकादमाकडे असेल तर घरी झेरॉक्स सापडते का बघा. वहिनींचं नाव अर्जात आधारवर आहे तसंच लिहा, माहेरचं की सासरचं तेही तपासून. दाखल्यावरचं नाव आणि बँकेतलं नाव जुळलं नाही की रक्कम परत जाते. खातं वहिनींचं स्वतःचं हवं, भावाच्या खात्यात त्यांचे पैसे जमा करू नका म्हणून अर्जातच लिहा.