आधी क्लास, मग गाडी

प्रश्न : नमस्कार दादा, मी घोडबंदर रोडला राहतो, नोकरी ऐरोलीत. पुढच्या सीझनला हौशी ड्रायव्हर म्हणून ट्रॅकवर उतरायचंय, सगळं मिळून चारेक लाख बाजूला काढलेत. पप्पांची २००२ ची सिटी व्हीटेक पार्किंगमध्ये नुसती उभी आहे, कळव्याचा एक मित्र त्याची एस्टीम विकतोय, आणि ऑफिसातले सगळे म्हणतात पोलो जीटी टीएसआय घे, बाकीच्यांचा धुरळा करशील. कुठली बनवू?

उत्तर : तीन गाड्यांची नावं दिलीस पण उतरणार कुठल्या क्लासमध्ये, म्हणजे रेसमधल्या कुठल्या गटात, ते एका ओळीनेही लिहिलं नाहीस. इथेच बरेच जण फसतात, मीपण फसलो होतो. वागळे इस्टेटमधल्या एका शेडमध्ये आठ महिने घालवले, हेड काढून पोर्टिंग केलं म्हणजे आतल्या हवेच्या वाटा घासून मोठ्या केल्या, कॅम म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा बदलला, घरी रोज रात्री अकरा वाजता ग्रीसचे हात घेऊन जायचो, आणि मग कळलं की ज्या क्लाससाठी हे सगळं चाललंय तिथे कॅम कंपनीचाच लागतो. मला वरच्या क्लासमध्ये टाकलं आणि तिथे मी शेवटून दुसरा आलो. शेवटच्याची गाडी बंद पडली होती.

तर आधी रूलबुक. आपल्याकडे परवानगी आणि लायसन्स एफएमएससीआयचं (देशातल्या मोटरस्पोर्टची संघटना), नियम त्यांचे आणि आयोजकांचे. क्लास नुसत्या सीसीवर नाही ठरत, गाडीला किती हात लावायची मुभा आहे त्यावरही ठरतो, म्हणजे सेम इंजिनाची एक गाडी जवळपास स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशा गाड्यांच्या क्लासमध्ये आणि दुसरी पार वरच्या क्लासमध्ये असू शकते. आणि वाचताना एक लक्षात ठेव, चालतं असं जे लिहिलेलं नाही ते चालत नाही असंच धरून चाल.

आता पोलो. ऑफिसवाल्यांचं ऐकू नकोस. १.२ टीएसआय आपल्याकडे फक्त डीएसजी या दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये आली, क्लच ड्राय म्हणजे ऑइलमध्ये न बुडलेला, रस्त्यावर लोण्यासारखी चालते पण ट्रॅकवर लॅपमागून लॅप तापली की तिचं दुखणं सुरू होतं आणि ते दुखणं महाग. वर आंतरराष्ट्रीय नियमांत टर्बो पेट्रोल इंजिनाची सीसी १.७ ने गुणतात, म्हणजे तुझी ११९७ सीसीची पोलो कागदावर दोन लिटरच्या वर गेली. आयोजक हाच हिशोब लावतात का ते विचार, लावत असतील तर विषय संपला.

सिटीचं इंजिन तिघांत सगळ्यात गोड, १.५ लिटरमध्ये १०६ बीएचपी, वर फिरवलं की गातं. पण म्हणूनच टूरिंग कार रेसवाले ती वर्षानुवर्षं पळवतायत, त्यांना तिचा नट न् नट पाठ आहे, आणि तू पहिल्याच सीझनला त्यांच्यात जाऊन काय करणार? शिवाय पार्ट शोधायला फिरावं लागेल. आणि खरं सांग, पप्पांना विचारलंस का? केज (गाडी पलटली तर वाचवणारा स्टीलच्या पाइपांचा सांगाडा) वेल्ड झाला की ती गाडी परत त्यांची होत नाही.

माझं मत एस्टीम. १९९४ ते २००७ एवढी वर्षं ती विकली गेली, इंजेक्शनवाली ८५ बीएचपीची, वजन ९०० किलोच्या आसपास, त्यामुळे टायर आणि ब्रेक पॅड जड गाडीसारखे खात नाही. तिचं १.३ चं जी१३ इंजिन जिप्सीत पण होतं आणि २००५ च्या पहिल्या स्विफ्टमध्ये पण, म्हणजे काही तुटलं तर कुर्ल्याच्या जुन्या पार्टवाल्यांकडे एक चक्कर मारली की काम होतं.

पण मित्राची आहे म्हणून डोळे मिटून घेऊ नकोस. कळव्याला खाडीची हवा, गंज आतून धरतो आणि बाहेरून रंग चकाचक. फ्रिजवरचं मॅग्नेट खिशात टाकून जा, पातळ फडक्यात गुंडाळून दरवाजाखालची पट्टी आणि मागच्या चाकांच्या कमानीवरून फिरव, जिथे चिकटत नाही तिथे खाली पत्रा नाही, पुट्टी आहे. मग मॅट उचल, खालचं फेल्ट ओलं लागतं का बघ, वास घे. जॅक पॉइंटला स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोक, टण्ण वाजलं तर ठीक, भद्द वाजलं तर नमस्कार करून निघ. बॉनेट उघडून शॉकअपच्या वरच्या नटांभोवती केसासारखी चीर आहे का तेही बघ. हे एवढ्यासाठी सांगतोय की केजचा पाय ज्या पत्र्यावर बसतो तोच कुजलेला असेल तर गाडी पलटल्यावर तो पाइप फरशी फोडून खाली जाईल, मग केज असून नसून सारखाच.

त्याहून भारी म्हणजे आधीच बनलेली रेस कार घे. दर सीझनला कुणाचं तरी लग्न ठरतं नाहीतर फ्लॅटचा हप्ता सुरू होतो आणि गाडी विकायला निघते, पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकवर टीमच्या गाड्या उभ्या असतात तिथे, दोन चक्कर मारल्या की कळतं. केज, सीट, बेल्ट सगळं त्यात येतं. फक्त सीटवरचं लेबल वाच, एफआयए (जागतिक मोटरस्पोर्टची संघटना) ८८५५-१९९९ या मानकाच्या सीटची मुदत बनवल्यापासून ५ वर्षं, संपली असेल तर तपासणीतच अडवतील आणि तेवढे पैसे भावात कमी करून घे.

चार लाखांतलं इंजिनावर सगळ्यात शेवटी घाल. ताजं डॉट ४ ब्रेक ऑइल, चांगले पॅड, आणि ऑइल चेंबरमध्ये बॅफल म्हणजे ऑइल अडवणारी आडवी पट्टी लावून घे, लांब वळणावर ऑइल एका बाजूला जातं, पंप हवा ओढतो आणि बेअरिंग गेलं. बाकी टायर आणि वाहतूक. चेन्नईचा ट्रॅक इरुंगट्टुकोट्टईला, ठाण्याहून १३०० किलोमीटरच्या आसपास, कोइंबतूरचा करी स्पीडवेही काही जवळ नाही. ट्रकवर चढवताना स्वतः उभा राहा. माझी गाडी एकाने सस्पेंशनच्या आर्मला दोर लावून आवळली होती, उतरवली तर स्टिअरिंग सरळ आणि चाकं कल्याणकडे.

प्रश्न : मुलगा १९ वर्षांचा आहे. घरच्या स्विफ्टला रोल केज लावून तीच कॉलेजला नेईन म्हणतो, केज असला की जास्त सेफ असतं म्हणे. लावू द्यावा का? एक आई, नेरूळ.

उत्तर : ताई, अजिबात नको. केज सेफ असतो तो हेल्मेट, घट्ट सीट आणि सहा पॉइंटचा बेल्ट असला तरच. साध्या बेल्टमध्ये माणूस झटक्याला पुढे-बाजूला हलतो आणि हेल्मेटशिवायचं डोकं स्टीलच्या पाइपवर आपटतं, म्हणजे सायन-पनवेल रोडला सिग्नलवर मागून साधी ठोकर बसली तरी कवटीला मार. शिवाय गाडीच्या ढाच्यात असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही. आणि रात्री पामबीचवर कुणाशी रेस लावायचा विचार असेल तर त्याला त्याच कायद्याचं रस्त्यावरच्या रेसिंगचं कलम १८९ वाचायला द्या, पहिल्याच वेळी ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हौस खरी असेल तर त्याला पॅडॉकमध्ये कुणाच्या तरी टीममध्ये टायर बदलायला पाठवा, एका वीकेंडला कळेल तग धरतोय का ते.

प्रश्न : मारुती ८०० घेऊन काही करता येईल का, की हसतील लोक? डोंबिवली.

उत्तर : हसू देत. ७९६ सीसी, हलकी, मातीतल्या ऑटोक्रॉसला (आखलेल्या वाटेवर वेळ लावून पळवायची स्पर्धा) मस्त, आणि ठोकली तरी रडू येत नाही. एअर फिल्टर प्रत्येक राऊंडनंतर झटक. टायर १२ इंची लागतात, घेताना चारऐवजी सहा घे.